इस्ट्रोजेन, पेशीचे मरण आणि रोजची एक गोळी

स्तनातली गाठ वाढते ती तिच्यातल्या पेशी भराभर दुप्पट होत गेल्यामुळे, अशी बहुतेकांची समजूत असते आणि ती अर्धीच बरोबर आहे. कोणत्याही ऊतीचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: किती पेशी नव्याने जन्मल्या आणि किती मेल्या. संप्रेरकांवर पोसल्या जाणाऱ्या बऱ्याचशा स्तनगाठींत पेशींचे विभाजन तसे संथच चाललेले असते. ज्या पेशींनी एव्हाना मरून जायला हवे होते त्या तग धरून राहतात, हेही त्या गाठींच्या वाढीचे मोठे कारण असते. पेशीने जगावे की मरावे या निर्णयात इस्ट्रोजेन आणि त्याच्या सोबतीच्या संप्रेरकांचा, म्हणजे आपण ज्यांना सरसकट हार्मोन म्हणतो त्यांचा, वाटा किती मोठा आहे हे शास्त्राला गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हळूहळू उलगडत गेले. जिच्या हातात तपासणीचा रिपोर्ट असतो त्या बाईपर्यंत मात्र यातले फारसे काही पोहोचत नाही.

मी बडोद्यात पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरीची सारी वर्षे काढली. निवृत्तीनंतरही दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या ओळखीच्या मराठी घरांतून बायका आपापल्या फायली घेऊन येतात. डॉक्टरांनी गुजरातीत समजावलेले असते, रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरी सासूबाईंना, नवऱ्याला, मुलांना ते सगळे मराठीत सांगायचे असते. या तीन भाषांच्या वाटेवर काही ना काही गळून पडते. नात्यातल्या एका वहिनींनी तो गळालेला प्रश्न मला सरळच विचारला: "ताई, ऑपरेशन झालं, केमो झाली, किरणांचे शेकही झाले. गाठ राहिलीच नाही, तर ही गोळी पाच वर्षं घेऊन मारायचं कोणाला?" मधल्या काळात त्यांनी ती गोळी, म्हणजे इस्ट्रोजेनला अडवणारी टॅमॉक्सिफेन, कोणाला न सांगता बंदही केली होती, कारण अंगातून सारख्या वाफा येत आणि रात्रीची झोप मोडत असे. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पेशी कशी मरते हे समजल्याशिवाय देता येत नाही.

निरोगी स्तनातही पेशी सतत मरत असतात, हे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. एडिनबरोच्या फर्ग्युसन आणि अँडरसन या संशोधकांनी १९८१ मध्ये पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या स्तनातली ऊती सूक्ष्मदर्शकाखाली मोजून पाहिली. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात पेशींचे विभाजन सर्वांत जास्त पंचविसाव्या दिवसाच्या आसपास दिसले आणि पेशींचे मरण सर्वांत जास्त अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास. महिन्याच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतात तेव्हा दुधाच्या ग्रंथींतल्या पेशी संभाव्य गर्भारपणाच्या तयारीने वाढतात. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरके उतरतात आणि वाढलेल्या पेशींपैकी बऱ्याच मरून जातात. पाळीच्या आधी छाती जड वाटणे आणि मग ते ओसरणे हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्याच दिवसांत आत पेशींचा हा जमाखर्चही चाललेला असतो.

याहून मोठ्या प्रमाणावर हेच बाळाचे दूध तोडल्यावर घडते. दूध तयार करणाऱ्या पेशींना जिवंत ठेवण्याचे काम तोवर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक करत असते. बाळ प्यायचे थांबले की दूध साठून राहते, प्रोलॅक्टिनचा संदेश क्षीण होतो आणि उंदरांवरच्या अभ्यासांत काही दिवसांतच दूधग्रंथींतल्या बहुतांश पेशी नाहीशा झालेल्या दिसतात. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांच्या आत पिले परत आईजवळ ठेवली, तर ही प्रक्रिया थांबते आणि दूध पुन्हा सुरू होते. त्यानंतर मात्र ती मागे फिरवता येत नाही. संप्रेरक उतरले की पेशी मरतात आणि पुरेशा लवकर परतले की त्या वाचतात, हे या एका उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच इतरत्र दिसेल.

हे मरण जखमेतल्या किंवा भाजण्यातल्या मरणासारखे नसते. केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ मध्ये त्याचे स्वतंत्र वर्णन केले आणि त्याला अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिले. नेहमीच्या रंगवलेल्या काचपट्टीवर अशी पेशी ओळखायला शिकावे लागते, पण एकदा नजर बसली की ती चुकत नाही: पेशी आक्रसून शेजारणींपासून सुटी झालेली, भोवतालचा पेशीद्रव गडद गुलाबी, आणि आतल्या केंद्रकाचे घट्ट, गोल, काळपट निळे तुकडे झालेले. आजूबाजूला ना सूज, ना पू. शेजारच्या पेशीच ते तुकडे गिळून टाकतात आणि काही तासांत तिथे काही घडले होते याची खूणही उरत नाही. या घाईमुळेच अ‍ॅपॉप्टोसिस मोजायला अवघड जाते; काचपट्टीवर शंभरात एखादीच पेशी मरताना दिसली, तरी महिनाभरात तिथून किती पेशी गेल्या असतील याचा अंदाज बांधायला तो एक आकडाही मोठा असतो.

पेशीच्या आत हा निर्णय मुख्यतः तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकाँड्रियांच्या, आवरणावर होतो. बॅक्स आणि बॅक ही प्रथिने त्या आवरणाला छिद्रे पाडतात. त्यातून सायटोक्रोम सी बाहेर पडते. ते बाहेर पडले की कॅस्पेज नावाची विकरे, म्हणजे एन्झाइम, एकामागून एक जागी होतात आणि पेशीची आतली रचना कापून काढतात. ही छिद्रे पडू न देणारे प्रथिन म्हणजे बीसीएल-२. ते प्रथम लसिकाग्रंथींच्या एका कर्करोगात सापडले आणि १९८८ मध्ये असे दाखवण्यात आले की त्याच्यामुळे पेशींचे विभाजन वाढत नाही, त्यांचे मरण टळते. कर्करोगाचे एखादे जनुक पेशीला नुसते जिवंत ठेवूनही रोग घडवू शकते, हा विचार त्या वेळी नवा होता.

आता इस्ट्रोजेनकडे वळू. अंडाशयांचा स्तनाच्या कर्करोगाशी काही संबंध आहे हे इस्ट्रोजेनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाच्या ध्यानात आले होते. दूध कसे तयार होते याचा त्याने अभ्यास केला होता आणि गाय दीर्घकाळ दुधावर राहावी म्हणून तिची अंडाशये काढण्याची शेतकऱ्यांची पद्धत त्याला ठाऊक होती. त्यावरून विचार करत त्याने वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांची अंडाशये काढून पाहिली आणि काहींच्या गाठी विरघळत गेल्याचे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र सगळ्यांच्या गाठी विरघळत नसत, आणि असे का, हे पुढची साठ-सत्तर वर्षे कोणाला सांगता आले नाही. उत्तराची सुरुवात १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत झाली. एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्राडायोल, म्हणजे शरीरातले मुख्य इस्ट्रोजेन, उंदीरमाद्यांना टोचले, तेव्हा ते गर्भाशयासारख्या ठराविक ऊतींमध्येच धरून ठेवले गेलेले दिसले, कारण तिथल्या पेशींत त्याला पकडणारे प्रथिन होते. तेच इस्ट्रोजेन रिसेप्टर, रिपोर्टातले ईआर. ज्या गाठीत ते असते ती संप्रेरक काढून घेतल्यावर खचण्याची शक्यता असते. ज्या गाठीत ते नसते तिला त्याने फरक पडत नाही.

रिसेप्टर समजावताना आपण सगळेच कुलूप आणि किल्लीचा दाखला देतो, पण तो मला अपुरा वाटत आला आहे. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकातच असते, इस्ट्रोजेन त्यात बसले की त्याचा आकार बदलतो, आणि मग ते स्वतःच डीएनएवर ठराविक जागी जाऊन बसते व तिथली जनुके चालू किंवा बंद करते. बीसीएल-२ च्या जनुकातही त्याला बसण्याच्या जागा आहेत. म्हणजे इस्ट्रोजेन पेशीला वाढायला सांगते तेव्हाच, त्याच वाटेने, न मरण्याची सोयही करून देते. शिवाय इन्सुलिनच्या कुळातल्या आयजीएफ-१ या संप्रेरकाचा संदेश पोहोचवणाऱ्या यंत्रणेशी त्याचे संगनमत असते. त्या यंत्रणेतले एकेटी हे विकर बॅड नावाच्या मारक प्रथिनाला निष्प्रभ करते. अशा दोन-तीन बाजूंनी पेशीला एकाच वेळी संरक्षण मिळत असते.

हे सिद्ध करण्याचे बरेचसे श्रेय एमसीएफ-७ या पेशीवाणाला जाते. मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये १९७० साली एका ख्रिस्ती जोगिणीच्या फुप्फुसाभोवतीच्या पाण्यातून त्या पेशी मिळाल्या आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. या पेशींची एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. इस्ट्रोजेन काढून घेतले तरी त्या वाढतच राहत असत, त्यामुळे त्यांना इस्ट्रोजेनची खरोखर गरज आहे का यावर कित्येक वर्षे वाद चालू होता. १९८६ मध्ये लक्षात आले की पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात आम्लता कळावी म्हणून घातलेल्या फिनॉल रेड या रंगालाच इस्ट्रोजेनसारखा सौम्य गुण आहे. पुढे तो गुण त्यातल्या एका अशुद्ध अंशामुळे येतो हेही समजले. प्रत्येक प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर असलेला तो गुलाबी रंग संशोधकांना नकळत पेशींना संप्रेरक पुरवत होता. रंग काढून टाकला आणि कोळशाच्या पुडीने त्या द्रवातल्या सीरममधली, म्हणजे रक्तातल्या निवळ भागातली, संप्रेरके शोषून घेतली, तेव्हा चित्र स्पष्ट झाले: इस्ट्रोजेन नसताना बीसीएल-२ उतरते आणि पेशी मरणाला सोप्या होतात, इस्ट्रोजेन परत दिले की बीसीएल-२ चढते आणि केमोथेरपीच्या औषधांनाही त्या जास्त दाद देईनाशा होतात. एक मर्यादाही इथेच नोंदवली पाहिजे की एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ हे मुख्य कापणारे विकरच तयार होत नाही, त्यामुळे या पेशींत दिसलेले मरण जसेच्या तसे प्रत्येक बाईच्या गाठीवर लादता येत नाही.

याच ठिकाणी एक कोडेही आहे. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही, तर ज्या गाठीत ते भरपूर असेल ती गाठ जास्त घातक असायला हवी. प्रत्यक्षात उलटे दिसते: बीसीएल-२ भरपूर असलेल्या स्तनगाठींच्या रुग्णांचे भवितव्य सर्वसाधारणपणे चांगले असते. कारण असे की ते भरपूर असणे म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर जागेवर आहे आणि काम करत आहे. अशी गाठ संप्रेरकाच्या आज्ञेत राहते, म्हणून संप्रेरकाच्या औषधाने आवरताही येते. रिपोर्टातला एकच शब्द उचलून त्यावरून घाबरून जाऊ नये, असे मी बायकांना वारंवार सांगते त्यामागे असली उदाहरणे आहेत.

रिपोर्टाविषयी थोडे. ईआरच्या चाचणीत ज्या केंद्रकांत रिसेप्टर असते ती तपकिरी दिसतात आणि उरलेली निळी. शंभरात एक केंद्रक जरी तपकिरी असले तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्के असेल तर २०२० पासून तिला कमी प्रमाणात पॉझिटिव्ह असे वेगळे नोंदवतात. कोणी टक्के लिहितात, कोणी शून्य ते आठ असे गुण देतात. पण हा रंग खरा उतरण्यासाठी काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडली पाहिजे आणि त्यात किमान सहा तास व जास्तीत जास्त बहात्तर तास राहिली पाहिजे. उशीर झाला तर रिसेप्टर नष्ट होऊन खोटा निगेटिव्ह येऊ शकतो आणि जिला गोळीचा लाभ झाला असता ती बाई त्याला मुकते. म्हणून काचपट्टीवर गाठीशेजारच्या निरोगी नलिकांतली काही केंद्रके तरी तपकिरी उतरली आहेत का, हे आधी पाहायचे. ती सगळी निळी असतील तर निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही.

टॅमॉक्सिफेन हे औषध इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६२ मध्ये प्रथम तयार केले, तेही गर्भनिरोधक म्हणून. उंदीरमाद्यांवर ते त्या कामी चालले, स्त्रियांत मात्र त्याने उलट बीजोत्सर्ग होऊ लागला. मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात १९७१ मध्ये ते वाढलेल्या स्तनकर्करोगात उपयोगी पडल्याचे प्रसिद्ध झाले आणि १९७३ पासून ब्रिटनमध्ये ते या आजारासाठी मिळू लागले. इस्ट्रोजेनच्या जागी ते रिसेप्टरमध्ये जाऊन बसते, पण त्याची एक लांब शाखा बाहेर राहिल्यामुळे रिसेप्टरचा एक भाग नीट मिटत नाही आणि जनुके चालू करणारी सहायक प्रथिने तिथे जोडली जात नाहीत. रजोनिवृत्तीनंतर अंडाशये थांबली तरी चरबीत, स्नायूंत आणि खुद्द गाठीतही अरोमाटेज हे विकर इस्ट्रोजेन बनवत राहते. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या त्या विकराला रोखतात.

मग या गोळ्या पेशी मारतात का? इथे जपून बोलले पाहिजे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत मरण वाढलेले दिसते. स्त्रियांच्या गाठींतून शस्त्रक्रियेआधी काही आठवडे गोळी देऊन घेतलेल्या नमुन्यांत मात्र सर्वांत ठळकपणे दिसतो तो विभाजनाचा वेग उतरलेला, म्हणजे केआय-६७ हा आकडा कमी झालेला. मरणाऱ्या पेशींची संख्या प्रत्येक गाठीत वाढलेली आढळत नाही. केमोथेरपीसारखा घाव ही गोळी घालत नाही. ती पेशीला मिळणारा जगण्याचा आधार काढून घेते आणि तो काढलेलाच ठेवते. जन्म कमी आणि मरण चालू, असे दीर्घकाळ राहिले तरच अस्थिमज्जेत किंवा इतरत्र विखुरलेल्या, कोणत्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी हळूहळू संपत जातात. वहिनींना मी हेच सांगितले की स्तनातली गाठ गेली, ही गोळी तिच्यासाठी नाहीच. शस्त्रक्रियेच्या आधीच बाहेर पडून कुठे थांबलेल्या असू शकतील अशा पेशींसाठी ती आहे, आणि मधे गोळी बंद ठेवली तर त्यांचा आधार त्यांना परत मिळतो.

पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनचे जगभरचे प्रयोग एकत्र करून २०११ मध्ये मांडलेले आकडे असे आहेत: ईआर पॉझिटिव्ह रोगात पहिल्या पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटते, पुढच्या पाच वर्षांत, म्हणजे गोळी थांबल्यानंतरही, सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि पंधरा वर्षांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. गोळी थांबल्यानंतरही लाभ टिकतो, हे मला या सगळ्यातले सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. रिसेप्टर अडवून ठेवणारे औषध शरीरातून निघून गेले आणि बाईचे स्वतःचे इस्ट्रोजेन पुन्हा मोकळे झाले, तर उरलेल्या पेशींनी लगेच डोके वर काढायला हवे होते. तसे सहसा होत नाही.

यामागे काय असू शकते हे पाहायला १९४४ पर्यंत मागे जावे लागते. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर हॅडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या स्तनकर्करोगाच्या वयस्क स्त्रियांना कृत्रिम इस्ट्रोजेन मोठ्या मात्रेत दिले आणि काहींच्या गाठी लहान झाल्या. ज्यांची पाळी जाऊन बरीच वर्षे लोटली होती त्यांच्यात हा परिणाम अधिक दिसे. टॅमॉक्सिफेन येईपर्यंत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांना इस्ट्रोजेनच देण्याची पद्धत होती, हे आज ऐकून विश्वास बसत नाही. जे संप्रेरक पेशीला वाचवते तेच तिला कसे मारेल?

उत्तर पेशींच्या इतिहासात सापडले. एमसीएफ-७ पेशींना महिनोन्‌महिने इस्ट्रोजेनवाचून ठेवले तर बहुतेक मरतात, पण काही टिकून राहतात आणि त्याच्याशिवायच वाढू लागतात. अशा पेशींना मग अगदी थोडे इस्ट्रोजेन दिले की त्या मरतात. काहींत फॅस या, मरणाचा संदेश पेशीत नेणाऱ्या रिसेप्टरच्या मार्गाने, काहींत तंतुकणिकांच्या मार्गाने, बिम आणि बॅक्स ही प्रथिने वाढून. दीर्घ उपासमारीत पेशीने आपली सगळी व्यवस्था इस्ट्रोजेनवाचून लावून घेतलेली असते. अचानक ते परतले की प्रथिने घडवण्याच्या यंत्रणेवर ताण येतो आणि तो ताण तिला झेपत नाही. २००९ मध्ये ज्यांचा रोग अरोमाटेज-रोधक गोळ्यांना दाद देईनासा झाला होता अशा ६६ स्त्रियांना दिवसाला ६ किंवा ३० मिलिग्रॅम इस्ट्राडायोल देऊन पाहिले, तेव्हा दोन्ही गटांत शंभरातल्या सुमारे अठ्ठावीस-एकोणतीस जणींना लाभ झाला, आणि कमी मात्रेत त्रास कमी झाला. क्रेग जॉर्डन, ज्यांनी टॅमॉक्सिफेनवर जन्मभर काम केले, त्यांनी यावरून असे सुचवले की पाच वर्षे गोळी घेतलेल्या बाईच्या शरीरात उरलेल्या पेशी बदलून अशा नाजूक झालेल्या असाव्यात की गोळी थांबल्यावर तिचे स्वतःचे इस्ट्रोजेनच त्यांना मारत असावे. ही मांडणी आहे, अंतिम निवाडा नाही. पण थांबल्यावरही टिकणारा लाभ आणि त्यासाठी लागणारी दीर्घ मुदत या दोन्ही गोष्टींचा उलगडा तिच्याइतका नीट करणारी दुसरी मांडणी मी वाचलेली नाही. मधेच सोडून दिलेल्या उपचारात पेशींना या अवस्थेला पोहोचण्याइतका काळच मिळत नसावा, असा याचा एक अर्थ निघतो.

अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या प्रयोगाचे निकालही याच दिशेने बोट दाखवतात. ५० ते ७९ वर्षांच्या, गर्भाशय काढलेल्या १०,७३९ स्त्रियांपैकी ज्यांना नुसते इस्ट्रोजेन दिले गेले त्यांच्यात स्तनाचा कर्करोग सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला; इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध दिलेल्या दुसऱ्या प्रयोगात तो वाढला आणि त्यातले उपचार २००२ मध्ये थांबवावे लागले. हे वाचून कोणीही आपल्या मनाने इस्ट्रोजेन घेऊ नये. ज्या बाईला ईआर पॉझिटिव्ह रोग होऊन गेला आहे तिच्यासाठी ते धोक्याचेच आहे; वरचे परिणाम ठराविक अवस्थेतल्या पेशींचे आहेत आणि ती अवस्था बाहेरून ओळखता येत नाही.

प्रोजेस्टेरॉनचा स्वभाव आणखी गुंतागुंतीचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात राजेंद्र बडवे यांच्या पुढाकाराने सुमारे हजार स्त्रियांवर प्रयोग झाला, त्यात शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले. २०११ मध्ये निकाल आला तो असा की एकूण गटात लक्षणीय फरक नव्हता, पण बगलेतल्या ग्रंथींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत इंजेक्शन घेतलेल्या अधिक काळ रोगमुक्त राहिल्या. उपगटाचा निकाल असल्यामुळे त्यावर भिस्त ठेवताना हात आखडता घ्यावा लागतो, तरी इतक्या स्वस्त उपायाची इतक्या काळजीने परीक्षा आपल्याकडे झाली याचा मला अभिमान वाटतो.

बीसीएल-२ लाच थेट रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत उत्तम चालते, म्हणून ते स्तनकर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टर नष्ट करणाऱ्या फुलवेस्ट्रंट या औषधासोबत देऊन पाहिले गेले. त्याने फुलवेस्ट्रंटच्या एकट्याच्या परिणामात भर पडली नाही. पेशीजवळ जगण्याचे पर्यायी मार्ग असतात. अरोमाटेज-रोधक दीर्घकाळ घेतलेल्या काही रुग्णांत रिसेप्टरच्या ईएसआर१ या जनुकातच उत्परिवर्तन होते आणि रिसेप्टर इस्ट्रोजेनवाचून कायमचे चालू राहते. अशा रोगासाठी २०२३ मध्ये अमेरिकेत एलासेस्ट्रंट या गोळीला मान्यता मिळाली.

राहता राहिला तो त्रास, ज्याच्यामुळे वहिनींनी गोळी सोडली होती. अंगातून वाफा येणे, घाम, सांधे आखडणे हे खोटे किंवा किरकोळ नाही, आणि "सहन करा" हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. वाफांवर औषधे आहेत. मात्र पॅरोक्सेटीन आणि फ्लुऑक्सेटीन ही मनःस्वास्थ्याची औषधे टॅमॉक्सिफेनला यकृतात त्याच्या प्रभावी रूपात बदलणारे विकर रोखतात, म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आधी सांगावे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला किंवा एका पायाला अचानक सूज आली, तर वाट न पाहता दाखवावे, कारण गर्भाशयात हे औषध इस्ट्रोजेनसारखे वागते आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका थोडा वाढवते. घरोघरी आपल्याकडे शक्ती यावी म्हणून शतावरी कल्प दिला जातो. तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. आहारातल्या सोयाबीनची भीती मात्र बाळगू नये. शांघायमध्ये आजार होऊन गेलेल्या पाच हजारांवर स्त्रियांचा पाठपुरावा करून २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमीच होते.

वहिनींनी डॉक्टरांना खरे काय झाले ते सांगितले, वाफांसाठी दुसरे औषध सुरू झाले आणि गोळी पुन्हा चालू आहे. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत मोकळा आहे, कारण बगलेतल्या ग्रंथींत रोग सापडला होता, आणि ईआर पॉझिटिव्ह आजार पाचव्या वर्षानंतर विसाव्या वर्षापर्यंतही उलटू शकतो. टॅमॉक्सिफेन दहा वर्षे चालू ठेवल्याने पाच वर्षांच्या तुलनेत आणखी लाभ होतो हे २०१३ पासून ठाऊक आहे; आणि तोवर त्यांची पाळी पूर्ण थांबलेली असेल, तर अरोमाटेज रोखणाऱ्या गोळीकडे वळण्याचा पर्यायही त्यांच्यापुढे असेल, त्यासाठी हाडांची घनता आधी मोजून घ्यावी लागेल.